पलीकडच्या गावापुरती खबर

१९४२ साली पुणे-मिरज रेल्वे एकेरी होती, मीटरगेज होती आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होती. कऱ्हाड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी तिची स्टेशनं कृष्णेच्या खोऱ्यातून खाली उतरत जातात. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येण्याची भीती कायमची. त्यावरचा बंदोबस्त साधा होता. गाडी सोडण्याआधी मास्तरनं पुढच्या स्टेशनला तारेनं विचारायचं, रूळ मोकळा आहे का? तिकडून ‘लाइन क्लिअर’ आलं की गाडी सुटणार, नाहीतर उभी राहणार. कऱ्हाडच्या मास्तराला मिरजेत काय चाललंय ते ठाऊक असायची गरज नव्हती. आपल्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, एवढ्या दोघांची खबर ताजी असली की काम भागायचं.

सरकारचा बाकीचा कारभार मात्र या धर्तीवर चालत नव्हता. गावकामगार पाटील आणि तलाठी मामलेदाराला कळवणार, मामलेदार प्रांताला, प्रांत साताऱ्याला कलेक्टरला आणि तिथून मजकूर पुण्या-मुंबईला. हुकूम त्याच वाटेनं खाली. वाळव्याचा मामलेदार आणि तासगावचा मामलेदार कृष्णेच्या दोन अंगांना बसलेले, पण एकाच्या हद्दीत काय शिजतंय ते दुसऱ्याला कळायचं ते बहुधा साताऱ्याला वळसा घालून. शांततेच्या काळात याचं काही बिघडत नाही. १९४२ नंतर चार वर्षं गडबड चालली, तेव्हा मात्र या वळशानं सरकारला रडवलं.

तेव्हाचा सातारा जिल्हा फार मोठा होता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीतले तालुके त्यात होते. त्यात ठिगळं लावावीत तशी संस्थानं पसरलेली : औंध, सांगली, थोरली आणि धाकटी मिरज, फलटण, जत. एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जाताना माणूस नकळत दोन राज्यांच्या हद्दी ओलांडायचा. कुंडल हे गाव औंध संस्थानातलं. किर्लोस्करवाडीही त्याच संस्थानच्या माळावर १९१० साली उभी राहिली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८-३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या मदतीनं आपली सत्ता गावपंचायतींकडे सोपवायचा प्रयोग सुरू केला होता. ब्रिटिश पोलिसांना अशा हद्दीत शिरताना कागद करावे लागत, आणि ज्याला पळायचं आहे त्याला कागदाची गरज नसते.

‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. साताऱ्यात पहिले काही आठवडे उघड मोर्च्यांचे होते. २४ ऑगस्टला कऱ्हाडच्या कचेरीवर लोक गेले. ३ सप्टेंबरला तासगावच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा चढला, तोही रक्त न सांडता. मग सरकार सावध झालं. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती तिथं पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपट्टे गोळ्यांना बळी पडले.

तासगाव आणि वडूज यांच्यामध्ये फक्त सहा दिवस आहेत. हजारोंनी एका ठिकाणी जमायचं, तारीख जाहीर करायची आणि निघायचं, ही पद्धत त्या सहा दिवसांत निकालात निघाली. सरकारला मोर्चा कुठं येणार हे आधी कळत असेल तर बंदूक तिथं आधी पोचते. इस्लामपूरनंतर जे भूमिगत झाले त्यांनी मोर्चे सोडले आणि तारा धरल्या. खांबांवरच्या तारा तोडणं, स्टेशनं जाळणं, डाकबंगल्यांना आग लावणं हे सत्र सुरू झालं. पुष्कळांनी याला नुसता राग किंवा विध्वंस म्हटलं आहे. मला ते पटत नाही. तारा तोडणाऱ्यांतले बरेच जण शेतकऱ्यांची पोरं होती, पण सरकार नावाची गोष्ट खांबांवरून धावते, हे त्यांनी अचूक हेरलं होतं. दोन गावांमधली तार तुटली की तालुका मुका होतो. आणि तो मुका झाला हे वर कळायलाही माणूस धाडावा लागतो.

सरकारची तार तोडली तरी आपली तार कुठून आणायची? रेडिओ नाही, फोन नाही, टपाल सरकारचंच. तरीही १९४३ च्या मध्यापासून १९४६ पर्यंत शेकडो गावांमध्ये एक दुसरं सरकार चालत राहिलं. त्याची न्यायदान मंडळं बसली, दारूचे गुत्ते बंद झाले, सावकारांकडून गहाणखतं परत घेतली गेली, थोड्या खर्चातले गांधी-विवाह लागले. लोकांनी त्याला पत्री सरकार म्हटलं, चालवणाऱ्यांनी प्रतिसरकार. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील हा त्याचा चेहरा. ते तलाठी होते, १९३० च्या सुमाराला नोकरी सोडून चळवळीत आले. सत्यशोधकी वळणाचं त्यांचं बोलणं चावडीवर बसलेल्या माणसाला थेट कळायचं. पण एका चेहऱ्यावर चार वर्षं काढता येत नाहीत. कुंडलच्या गटात जी. डी. बापू लाड होते, वाळव्यात नागनाथ नायकवडी आणि किसन अहिर, कासेगावकडे बाबूजी पाटणकर, तासगाव-सांगलीच्या बाजूला वसंतदादा पाटील, वाईकडे किसन वीर. अच्युतराव पटवर्धन बाहेरून येऊन जाऊन असायचे आणि शेवटपर्यंत सापडले नाहीत.

हे गट एकमेकांशी बांधले गेले ते जुन्याच वाटांनी. सत्यशोधक जलसे १९२० च्या आगेमागे याच गावांतून फिरले होते. आठवड्याचे बाजार ठरलेले होते, जत्रा ठरलेल्या होत्या. त्याहून घट्ट वाट सासर-माहेरची. या पट्ट्यात मुली फार लांब देत नाहीत. कुंडलची लेक देवराष्ट्र्याला, देवराष्ट्र्याची वाळव्याकडे. सोयऱ्याच्या घरी रात्री माणूस आला तर शेजारी विचारत नाही, आणि विचारलं तरी उत्तर तयार असतं. पावसाळ्यात कृष्णा आणि वारणा फुगल्या की वाटा तुटायच्या. अशा वेळी नावाडी कुणाला नेतो आणि कुणाला नेत नाही यावर बरंच अवलंबून असायचं.

सोयरिकीची ही वाट पोलिसांनाही ठाऊक होती. यशवंतराव चव्हाण पहिल्या काही महिन्यांत भूमिगतांची जुळवाजुळव करत होते. जानेवारी १९४३ मध्ये वेणूताईंना अटक झाली, सुटल्यावर त्या फार आजारी पडल्या आणि फलटणला माहेरी होत्या. मे महिन्यात यशवंतराव त्यांना भेटायला गेले आणि तिथंच पकडले गेले. ‘कृष्णाकाठ’मध्ये त्यांनी हे दिवस लिहिले आहेत. माणूस कधीतरी बायकोला भेटायला येणार, एवढा हिशेब पोलिसांना नक्की येत होता.

मग निरोप कोण न्यायचं? तुफान सेना म्हणजे प्रतिसरकारची लढाऊ फळी. तिच्या इतिहासात बंदुका आणि खजिने यांची नावं फार येतात, निरोप्यांची फार कमी. रामापूरचे गणपती यादव हे त्यातलं एक नाव, १९२० साली जन्मलेले. सायकलवरून ते भूमिगतांना भाकरी पोचवायचे आणि निरोपही. जवळजवळ शंभरीला टेकले तरी त्यांची सायकल सुटली नव्हती, म्हणून पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्याकडे जाऊन हे सगळं लिहून घेतलं. भाकरी आणि निरोप एकाच माणसाकडे असण्यात मोठी सोय आहे. जो रोज जेवण घेऊन येतो तो रोज पाहून जातो, की माणूस जागेवर आहे, बरा आहे, आजूबाजूला नवं कुणी दिसत नाही. आणि भाकरी ठरल्या वेळी आली नाही, तर आत बसलेल्यालाही समजतं की बाहेर काहीतरी बिनसलं आहे. निरोपाचा कागद सापडला तर माणूस अडकतो. भाकरी सापडली तर रानात औताला निघालोय म्हणता येतं.

माझं पोटापाण्याचं काम नेटवर्कचं आहे, म्हणून हे वाचताना मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट राहून राहून आठवते. कऱ्हाड किंवा इस्लामपुरातल्या एखाद्या कॉलेजच्या तळघरात, बँकेच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटात एक स्विच बसलेला असतो. त्याच्या चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भोकांत केबली घुसवलेल्या असतात. कोणत्या भोकाला पलीकडे काय जोडलं आहे हे त्याला कुणी सांगत नाही. तो ते दोन तऱ्हांनी शोधतो. पहिली तऱ्हा ऐकून घेण्याची. एखाद्या भोकातून डेटाची चौकट आत आली की तिच्यावर पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता असतो. स्विच तो टिपून ठेवतो की अमुक पत्ता अमुक भोकाकडे. ही नोंद कायमची नसते. साधारणपणे तीनशे सेकंद त्या पत्त्याकडून काहीच आलं नाही, तर नोंद पुसली जाते. माणूस निघून गेला असेल, दुसऱ्या टेबलावर बसला असेल. जुन्या नोंदीवर विसंबून डेटा भलत्या ठिकाणी पाठवण्यापेक्षा विसरलेलं बरं.

दुसरी तऱ्हा सांगण्याची. स्विच स्वतः दर काही सेकंदांनी प्रत्येक भोकातून एक छोटी चौकट बाहेर सोडतो : मी कोण, कोणत्या भोकातून बोलतोय, आणि हे माझं बोलणं किती वेळ खरं धरायचं. या तीन गोष्टी सक्तीच्या. नाव, काय काय करता येतं, व्यवस्थापनाचा पत्ता हे मर्जीवर. सिस्को कंपनीनं १९९४ साली आपल्याच यंत्रांपुरती अशी भाषा काढली. मग वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच कपाटात येऊ लागली, तेव्हा २००५ मध्ये ८०२.१एबी नावाचं सामाईक मानक ठरलं. त्याला एलएलडीपी म्हणतात. तिथं साधारणपणे दर तीस सेकंदांनी निरोप जातो आणि दोन मिनिटं खरा धरला जातो. म्हणजे लागोपाठ तीन निरोप चुकले तरी चालतं, चौथ्यानंतर शेजारी मेला असं समजायचं. कुणी नीट निरोप घेऊन निघत असेल तर शेवटच्या चौकटीत ‘वेळ शून्य’ असं लिहून जातो, म्हणजे वाट पाहायची गरज उरत नाही. पोच कुणी मागत नाही, कुणी देत नाही.

यातला मला सगळ्यात शहाणपणाचा वाटणारा नियम असा की, ती चौकट शेजाऱ्याच्या पुढं जात नाही. तिच्यावरचा पत्ताच असा राखून ठेवला आहे की नियमानं वागणारा कोणताही स्विच ती ऐकतो आणि तिथंच थांबवतो. त्यामुळे कोणत्याही एका स्विचला अख्ख्या जाळ्याचा नकाशा माहीत नसतो. नकाशा हवाच असेल तर कुणीतरी वरून प्रत्येक स्विचकडे जाऊन त्याच्या शेजाऱ्यांची यादी मागवावी लागते आणि त्या याद्या जोडाव्या लागतात.

साताऱ्याचे पोलीस १९४३ ते ४५ या काळात नेमकं हेच करू पाहत होते. एकेक माणूस पकडायचा, त्याचा शेजारी कोण ते काढायचं, मग त्याचा शेजारी. पकडलेल्याला जेवढं ठाऊक तेवढंच तो मारहाणीत सांगू शकतो. ज्याला फक्त पलीकडच्या वस्तीतलं एक घर माहीत आहे, त्याच्याकडून एकच घर मिळतं. आणि तोवर त्या घरातला माणूस हलला असेल तर तेही मिळत नाही. म्हणून भूमिगत एका जागी फार दिवस राहत नसत. सागरेश्वरच्या डोंगराकडचं रान, कृष्णाकाठची उभी पिकं, वस्त्या, देवळं असे मुक्काम बदलत राहिले.

या काळातली शेणोलीची घटना सगळ्यांना ठाऊक आहे. ७ जून १९४३ ला रेल्वेचे पगार घेऊन निघालेली गाडी जी. डी. बापू आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांच्या नेतृत्वाखाली तुफान सेनेनं शेणोलीजवळ अडवली. पुढं-मागं रुळावर दगड रचले, गाडी थांबली की विळे, लाठ्या आणि गावठी बॉम्ब घेऊन लोक तिच्यावर चालून गेले. १९,१७५ रुपये हाती लागले. याला लूट म्हटलेलं कॅप्टन भाऊंना शेवटपर्यंत रुचलं नाही. लोकांचाच पैसा लोकांकडे आणला, असं ते सांगत. पण पैशापेक्षा मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. पगाराची गाडी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी येणार हे आधी कळल्याशिवाय दगड रचून काही होत नाही. ती खबर रेल्वेच्याच कुणाकडून तरी निघून कुंडलपर्यंत पोचली असणार, आणि तीही सरकारी तारेला पत्ता न लागता. हा माझा तर्क आहे, पण याहून वेगळं घडलं असेल असं वाटत नाही.

त्याच पावसाळ्यात २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. दिवसाढवळ्या पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन त्यांनी तटावरून उड्या घेतल्या. पाठलाग झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळ्यांनी ठार झाले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पुन्हा सापडले. पुढल्या वर्षी १० सप्टेंबर १९४४ ला नागनाथ नायकवडी साताऱ्याच्या तुरुंगातून निसटले ते मात्र परत हाती आले नाहीत. दोन्हीकडे धाडस सारखंच. फरक भिंतीच्या बाहेर होता. सांगलीत उडी टाकल्यावर समोर भर दिवसाचं गाव आणि पावसाळ्यातली कृष्णा होती. नायकवडी एकदा बाहेर पडले की पुढं त्यांना झाकून घेणारी गावं उभी होती.

बायकांच्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पहाऱ्यातून आरपार जाणारी खबर बहुतेक वेळा त्यांच्याच पदरात होती. नाना पाटलांची लेक हौसाताई त्या वेळी सतरा-अठरा वर्षांची होती. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर तिनं आणि तिच्या सोबत्यानं नवरा-बायकोचं भांडण उभं केलं. सोबत्यानं तिला खरोखरीच मारलं, दगड उचलून जिवे मारीन म्हणाला. चौकीतले शिपाई मिटवायला बाहेर धावले. तेवढ्यात बाकीच्यांनी आत शिरून बंदुका आणि काडतुसं उचलली. नव्वदी उलटल्यावर हौसाताई ही गोष्ट हसत सांगायच्या आणि त्या सोबत्यानं मार जरा जास्तच खरा दिला, अशी तक्रारही करायच्या. मला या प्रसंगात बंदुकांहून शिपायांचं बाहेर धावणं महत्त्वाचं वाटतं. नवरा-बायकोचं भांडण दिसलं की चौकी रिकामी होते, हे ज्यांना आधीपासून ठाऊक होतं त्यांनी चौकीतली माणसं बरेच दिवस पाहिलेली होती. डाकबंगल्यात कोण उतरलंय, किती शिपाई आहेत, ही टेहळणी पाण्याला, सरपणाला, बाजाराला जाणाऱ्या बायका करू शकत होत्या. त्यांची झडती घ्यायला गावोगाव स्त्री-पोलीस नव्हत्या.

शेजाऱ्यापुरत्या खबरेवर चालणाऱ्या जाळ्याला लांबची उडी जमत नाही, आणि ती उणीव १४ एप्रिल १९४४ ला खानदेशात दिसते. धुळ्याच्या बाजूला चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी अडवायची होती. वाळवा आणि कुंडलचे लोक तिथल्या वाटा, तिथली बोली, तिथली चौकी यांबद्दल परकेच होते. काम तडीस गेलं ते उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील यांच्यासारखे तिकडचे कार्यकर्ते बरोबर होते म्हणून. साडेपाच लाख रुपये मिळाले, पाठलागात चकमक झाली, माणसं जखमी झाली आणि कसाबसा पैसा दक्षिणेला पोचला. शेणोलीत जे काम घरच्या रानात झालं त्याच्या कितीतरी पट जोखीम इथं होती.

या जाळ्याची दुखरी नस होती ती खोटा शेजारी. आमच्या स्विचचंही हेच दुखणं आहे. एलएलडीपीची चौकट ‘मी अमुक’ म्हणते आणि ऐकणारा ते खरं धरतो. खातरजमा करायची सोयच मूळ नियमात नाही. म्हणून शहाणा माणूस बाहेरच्या भोकांवर ही बडबड बंद ठेवतो. साताऱ्यात पोलिसांचे खबरे हे असे खोटे शेजारी होते, कधी पैशासाठी, कधी धाकानं, कधी जुन्या भावकीच्या रागातून. पत्री सरकारनं त्यांच्यावर फार कडक हात ठेवला. तळपायावर काठ्या मारण्याची शिक्षा तिथूनच सगळीकडे गाजली. काही जण जिवानिशी गेले. त्यांतले सगळेच खबरे होते का? भावकीच्या भांडणात एखाद्यावर खबऱ्याचा शिक्का मारून सूड उगवला गेला नसेल, असं छातीठोकपणे म्हणायला मी तरी तयार नाही. जिथं लेखी पुरावा ठेवायचा नाही असाच दंडक आहे, तिथं निर्दोष माणसाचाही पुरावा उरत नाही. चळवळीचा गौरव करणारे बहुतेक लेखक इथं पान उलटतात.

१९४४ च्या मे महिन्यात गांधीजी सुटले आणि जुलैत पाचगणीला आले. लपून राहणं सोडा, उघडपणे पकडले जा, असा त्यांचा सल्ला होता. देशात बऱ्याच ठिकाणी तो मानला गेला. साताऱ्यात बहुतेकांनी मान तुकवली, जागा मात्र बदलली नाही. यात उद्धटपणा होता असं वाटत नाही. न्यायदान मंडळं, वसुलीला चाप बसलेले सावकार, पत्री सरकारच्या भरवशावर गुंडांविरुद्ध उभी राहिलेली गावं, हे सगळं मागं सोडून जायचं तर ती गावं उघडी पडणार होती. मे १९४५ मध्ये कुंडलला जी. डी. बापूंचं लग्न लागलं, नाना पाटलांच्या समोर, मोठ्या गर्दीत. ज्याला पोलीस शोधत होते त्या माणसाचं लग्न पंचक्रोशीला आधी कळलं आणि कचेरीला नंतर.

शेवटपर्यंत रक्त सांडत राहिलं. २५ फेब्रुवारी १९४६ ला शिराळ्याकडच्या मणदूरच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि आझाद हिंद सेनेतून आलेले नानकसिंग पडले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत मुंबईत बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली गेली आणि नाना पाटील लोकांसमोर उघड उभे राहिले. १९४९ मध्ये संस्थानांचे तुकडे जोडून जिल्ह्याची उत्तर आणि दक्षिण सातारा अशी वाटणी झाली. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. ज्या हद्दींच्या आडोशानं माणसं वाचली त्या नकाशावरून गेल्या.

पुढं १९७२ साली केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना आणली, तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. तुरुंगात सहा महिने काढले असतील तर तुरुंगाचा दाखला दाखवायचा. भूमिगत होता असं म्हणत असाल, तर सरकारनं तुम्हाला फरारी जाहीर केल्याचा, पकडण्यासाठी बक्षीस लावल्याचा किंवा स्थानबद्धतेचा हुकूम काढल्याचा कागद हवा. नाना पाटील, जी. डी. बापू, नायकवडी यांच्या नावानं असे कागद भरपूर होते. पण ज्यांनी भाकरी नेली, घर दिलं, पलीकडच्या वस्तीवर एक वाक्य पोचवलं आणि कधीच सापडले नाहीत, त्यांची नावं पोलिसांच्या एकाही फायलीत नव्हती. काम चोख झाल्याचीच ती खूण होती, आणि तिच्यामुळेच अर्ज अडायचा. अशांसाठी योजनेत एक पळवाट ठेवलेली होती. सरकारी दप्तरात नोंद मिळत नाही असा दाखला आणायचा, आणि ज्यानं स्वतः दीर्घ तुरुंगवास भोगला आहे अशा एखाद्या नामवंत सहकाऱ्याकडून, हा माणूस माझ्या माहितीतला आहे, असं लिहून घ्यायचं. तो सहकारी तोवर हयात असेल तर अर्ज पुढं सरकायचा.